दिवा लावण्याआधी

"लुंगी दिसली का?" पप्पांनी डोळे न उघडताच विचारलं.

"दिसली. साऱ्या जगाला दिसली."

"कुठली?"

"निळी, चौकड्यांची."

"माझीच आहे ती. शिबिराला जाताना मागून नेली, ती अजून परत दिली नाही चोरानं." आणि पप्पा हसले. हसले म्हणजे पांघरुणाखाली त्यांचं पोट तेवढं हललं. आवाज आला नाही.

मोबाइल मी स्टुलावर औषधांच्या बाटल्यांना टेकवून ठेवला होता. पडद्यावर योनाकाका, म्हणजे पुण्याचे योनाथान गोर्डे, कोट आणि टाय घालून साहेबासारखे बसले होते. करंज्यांचं ताट आणायला म्हणून ते ऐटीत उठले आणि कोटाखालची लुंगी सगळ्यांपुढे आली. नाशिकच्या एस्तेरमावशी, इंदूरची त्यांची सून बबली, मस्कतहून माझा धाकटा भाऊ विनू, आणि कुठकुठली घरं, सगळी खो खो हसत होती. आमच्या घराचा चौकोन मात्र काळा होता. त्यावर नुसतं नाव होतं, शांतवन ओहोळ.

आमच्या खोलीतही अंधारच होता. मोबाइलच्या उजेडात पप्पांचं कपाळ आणि नाक एवढंच दिसत होतं. नाताळ तोंडावर आला होता आणि बाहेर ओसरीवर मी टांगलेली कागदी चांदणीसुद्धा पप्पांनी मला विझवायला लावली होती. ही त्यांची जुनीच रीत होती, म्हणून कोणाला वावगं वाटलं नाही.

ती रीत सांगायला हवी. नगरच्या ज्या मिशन कंपाउंडात आम्ही वाढलो, तिथं नाताळाच्या आधी कॅरल पार्टी गाणी म्हणत घरोघर फिरायची. पुढं पेट्रोमॅक्स, मागं ढोलकी, झांजा आणि थंडीनं नाकं लाल झालेली आम्ही पोरं. घरातल्यांनी दिवे घालवून आत चिडीचूप बसायचं. दाराबाहेर गाणं झालं की आत दिवा लागायचा, दार उघडायचं आणि चहा, करंज्या, शंकरपाळे बाहेर यायचे. प्रत्येक घरी एक गाणं, असा सरळ व्यवहार होता. फक्त शांतवन ओहोळांच्या घरी तो चालत नसे. एक गाणं झालं की आतून घोगरा आवाज यायचा, "अजून एक!" दुसरं झालं की पुन्हा, "अजून एक!" बाहेर लोक थंडीनं कुडकुडायचे, योनाकाका दारावर बुक्क्या मारायचे, मम्मी आतून पप्पांना ओरडायची, "अहो, चहाचं पाणी आटलं!" आणि पप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून आणलेला कंदील मांडीवर घेऊन, काडेपेटी हातात धरून, लबाडासारखे हसत बसायचे. आमचं घर म्हणूनच पार्टी शेवटी ठेवायची.

पुढं कंपाउंड रिकामं झालं. पोरं शिकली, नोकऱ्यांमागं पांगली, म्हातारी माणसं त्यांच्या मागं गेली. मग बबलीनं ही टूम काढली. मोबाइलवर सगळ्यांना गोळा करायचं आणि पडद्यावरच घरोघर फिरायचं. ज्याचं घर आलं त्यानं दिवा आणि कॅमेरा दोन्ही बंद ठेवायचे, गाणं झालं की दोन्ही लावायचे, ताट कॅमेऱ्यापुढं धरायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या घरी आपापली करंजी खायची. गाणं म्हणजे मात्र सगळा आनंदच होता. मस्कतचा सूर नगरला पोचेपर्यंत इंदूर पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं. म्हणून विनूनं गिटार घेऊन पुढं म्हणायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून आपल्या खोलीत म्हणायचं असं ठरलं होतं. एस्तेरमावशींना ते बटण कधी सापडलं नाही. सगळ्यांचं गाणं संपलं की त्यांची शेवटची ओळ एकटीच यायची. त्यांना ऐकूही कमी यायचं, त्यामुळे टाळ्या आपल्याचसाठी आहेत असं समजून त्या हात जोडायच्या. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. वर्षभर ज्या दिवसाची वाट बघावी असा तो एकच दिवस असायचा पप्पांचा.

त्या वर्षी तो दिवस उजाडेल की नाही, हाच प्रश्न होता.

थोड्याच दिवसांपूर्वी मी पप्पांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. घरी आणलं म्हणजे बरे झाले, असं सगळ्यांना वाटलं आणि आम्ही ते वाटू दिलं. खरं काय ते डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितलं होतं. "घरी न्या. आवडीचं खाऊ घाला." डॉक्टर एवढंच बोलले की पुढचं विचारायचं नसतं, हे माझ्यासारख्या शाळामास्तरणीलाही कळतं. त्याच दिवशी मी पप्पांपाशी बसून म्हटलं, "विनूला फोन लावते."

"लाव. काय सांगणार?"

"जे आहे ते."

"म्हणजे तो रडत विमानाची तिकिटं शोधत बसणार. मग कॅरल कोण म्हणणार?"

"पप्पा, कॅरलचं काय घेऊन बसलात!"

"मग कशाचं घेऊन बसू? किडनीचं?"

 मी उठायला लागले, तसा त्यांनी माझा हात धरला. पकडीत जोर नव्हता, पण आवाजात होता.

"आपल्या कंपाउंडातल्या फिलिपभाऊचं काय झालं, बघितलंस ना? आजारी आहे असं चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर आलं आणि सुरू झालं. हात जोडलेली चित्रं, फुलं, प्रार्थना करतो, प्रार्थना करतो. लोक चांगले आहेत, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून त्याच्याशी कोणी भांडलं का? कोणी त्याची टिंगल केली? जिवंत माणसाशी मयताच्या घरासारखं हळू बोलायचे सगळे. मला म्हणाला होता तो, शांतवन, मला कोणीतरी एकदा गाढव म्हणा रे."

"मग तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो की. रडला बिचारा आनंदानं." ते जरा थांबले. "मला ती कॅरल पार्टी पाहिजे, करुणा. खरी. योनानं मला शिव्या घातल्या पाहिजेत. विनूनं हसत हसत गायलं पाहिजे. त्याला कळलं तर त्याचा आवाज बसेल. लहानपणापासून तसाच आहे, वाईट वाटलं की आधी घसा धरतो."

"आणि त्याला तुम्हाला बघायचं असेल तर?"

"दिवा लागला की बघेल. दिवा लागेपर्यंत कोणाला काही कळता कामा नये. मग सांग, रडा, प्रार्थना करा, काय करायचं ते करा. शब्द दे."

मी शब्द दिला. आजही मला वाटतं की नसता दिला तर बरं झालं असतं आणि दिला नसता तर त्याहून वाईट झालं असतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना तेवढं सांगितलं. ते एका सकाळी येऊन पप्पांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देऊन गेले आणि तोंडातून ब्र काढला नाही. विनूचं तिकीट नाताळानंतरचं होतं. रोज फोनवर तो विचारायचा, "पप्पा कसे आहेत?" आणि मी म्हणायचे, "आहेत." खोटं नव्हतं ते, पण त्यानं पुढचं विचारायच्या आत मी फोन ठेवायचे. माझा बेत साधा होता. पप्पांची खोड पुरवायची, दोन गाण्यांनंतर दिवा लावायचा आणि विनूला त्याचा बाप बोलताचालता दाखवायचा. दोन शब्द त्याला मिळाले असते. तेवढ्यासाठी मी प्रत्येक रात्र पप्पांचा श्वास ऐकत काढली होती.

"चला, आता शेवटचं घर!" बबली ओरडली. "कंजूष ओहोळांचं!"

"जाऊ नका रे त्याच्याकडे!" योनाकाका म्हणाले. ते आता कोट काढून नुसत्या बनियनवर आले होते, लपवायला काही उरलंच नव्हतं. "सकाळपर्यंत गायला लावेल आणि मग थंड चहा पाजेल!"

पप्पांचे डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी मी ते असे पाणीदार बघितले.

"सुरू करू का, पप्पा?" विनूनं विचारलं. त्याच्या मागं मस्कतच्या घराचा पांढऱ्या भिंतीचा तुकडा होता आणि डोक्यावर त्याच्या मुलीची लाल टोपी होती, ती त्याला घट्ट होत होती. त्यानं गिटारच्या लाकडावर बोटांनी दार वाजवल्यासारखं टकटक केलं. "कॅरल पार्टी आली हो!"

पहिलं गाणं ताऱ्याचं होतं. विनूचा आवाज त्या छोट्या मोबाइलमधून आला आणि खोली भरून गेली. पप्पांचे ओठ हलत होते. त्यांची दोन बोटं माझ्या मनगटावर ताल धरत होती, आणि आजारी माणूस असूनही एक ठोका चुकत नव्हता. वर्कशॉपमधला माणूस, सगळी यंत्रं त्याला कानानं कळायची. गाणं संपलं, मागून एस्तेरमावशींची ओळ आली, लोक हसले.

"उघड रे शांत्या!"

पप्पांनी मला खूण केली. मी आमचा आवाज चालू केला आणि मोबाइल त्यांच्या तोंडापाशी नेला.

"अजून... एक," पप्पा म्हणाले.

तो आवाज फार बारीक, फार फाटका आला. वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं. पण पलीकडे हास्याचा स्फोट झाला.

"आवाज बघा, आवाज!" योनाकाका मांडीवर थापा मारत होते. "दया यावी म्हणून रडका आवाज काढतोय! नाटकी गाढव!"

"शांतवन, ऑस्कर घे रे बाबा!" कोणीतरी ओरडलं.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही!" योनाकाका म्हणाले.

मी घाईनं आवाज बंद केला. पप्पांकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. बघितलं तर ते हसत होते. डोळ्यांच्या कडेनं पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"म्हणाला," ते पुटपुटले. "म्हणाला बघ गाढव."

दुसरं गाणं पाळण्याचं. त्याला चाल संथ आहे. मध्येच मनगटावरचा ठोका हरवला, मग परत आला, मग पुन्हा हरवला. श्वास ओढल्यावर मध्ये मोठी फट पडायला लागली होती. मी घाबरले. गाणं संपायच्या आधीच मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं, "पप्पा, दिवा लावू का? विनूशी बोला ना. आत्ता बोला."

त्यांनी मान हलवली. नाही.

"पप्पा, ऐका माझं. तो तिथं आहे, तुम्ही इथं आहात. दोन शब्द बोला."

"बोलतोय की," ते म्हणाले. नुसता श्वासच, पण मला कळलं. मग त्यांनी एक बोट वर केलं. अजून एक.

मला त्यांचा राग आला. खरंच सांगते, मरणाऱ्या बापाचा मला त्या घटकेला भयंकर राग आला. हट्टी माणूस. आयुष्यभर लोकांना दाराबाहेर गारठ्यात उभं केलं आणि आता पोटच्या पोराला उभं करतोय. माझा हात विजेच्या बटणापर्यंत गेला होता. पण ते बोट तसंच वर होतं आणि मी शब्द दिला होता. मी आवाज चालू करून रुक्षपणे म्हटलं, "अजून एक हवंय."

"अरे देवा!" विनू हसला. "बोटं सोलली माझी. बरं, मेंढपाळांचं म्हणतो. पण पप्पा, खालचा सूर तुम्ही धरायचा. मी जागा सोडतो तुमच्यासाठी."

हे गाणं पप्पांनीच त्याला शिकवलं होतं. विनू चौथीत असताना ते त्याला वर्कशॉपच्या मागं जुन्या बसमध्ये बसवून शिकवायचे, कारण बसमध्ये आवाज घुमतो. वरचा सूर पोराचा, खालचा बापाचा. खालचा सूर सुरू व्हायचा ती ओळ आली की विनू गाता गाता थांबायचा आणि पप्पांचा आवाज जमिनीतून यावा तसा यायचा.

विनूनं पहिलं कडवं म्हटलं, तशी पप्पांची दोन बोटं पुन्हा माझ्या मनगटावर आली. पडद्यावर विनूची मान वाकडी झाली होती, डोळे मिटले होते, लाल टोपी एका कानावर आली होती. जागा आली. तो थांबला. नुसती गिटार वाजत राहिली.

पप्पांचं तोंड उघडलं होतं. मी वाट बघत होते की त्यातून काही येईल. श्वास बाहेर गेला, लांब, सावकाश. मी पुढचा श्वास ऐकायला कान लावला. गिटार वाजत होती. पलीकडे पडद्यावर योनाकाका डोळे मिटून डोलत होते, त्यांना वाटत होतं की आवाज बंद ठेवून शांतवन आपल्या खोलीत गातोय. विनू तर गालातल्या गालात हसत होता, आपल्याला ऐकू येत नसलं तरी पप्पा म्हणतायत, अशी त्याची खात्री होती. पुढचा श्वास आला नाही.

मी त्यांच्या नाकापुढं हात धरला. छातीवर डोकं ठेवलं. मनगटावरची दोन बोटं अजून तिथंच होती, पण आता ती नुसती ठेवलेली होती.

विनूनं गाणं पूर्ण केलं. मागून एस्तेरमावशींची शेवटची ओळ आली. टाळ्या झाल्या.

"उघडा आता पप्पा!" विनू म्हणाला. "बास झालं. ताई, लाव गं दिवा. करंज्या तरी दाखव, या वर्षी सारण कुठलं केलंयस?"

"दार उघड नाहीतर फोडतो!" योनाकाका.

बटण माझ्या हाताशी होतं. दिवा लागला की पप्पा कायमचे गेलेले असणार होते. दिवा लागला नाही तोवर ते नेहमीसारखे, लबाड, दाराआड बसलेले होते, आणि बाहेर कॅरल पार्टी उभी होती. मी आवाज चालू केला. 

"पप्पा म्हणतायत, अजून एक."

"नाही!" सगळे एकदम ओरडले. "शांत्या, तुझ्या नानाची टांग!" पण ओरडता ओरडता हसत होते, आणि बबली म्हणाली, "म्हणू या रे, वर्षातून एकदाच तर छळतात," आणि विनूनं तारा छेडल्या. या वेळी कोणीच आवाज बंद ठेवला नाही. बबलीनं ठेवला नाही, योनाकाकांनी ठेवला नाही. नाशिक पुढं, पुणे मागं, इंदूर तिसरीकडंच, असा तो सगळा गलका माझ्या अंधाऱ्या खोलीत आला. मी पलंगावर चढून पप्पांच्या शेजारी बसले, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि ते बेसूर गाणं शेवटपर्यंत ऐकलं. इतकं वाईट गायलेलं गाणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

मग मी दिवा लावला आणि कॅमेरा लावला.

सगळे "हेऽऽ" करून ओरडले. मग विनूला माझं तोंड दिसलं. त्याचं हसू लगेच गेलं नाही, ते तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्याच्या वर त्याचे डोळे बदलले. "ताई?" तो म्हणाला. "पप्पा झोपलेत का?" मी नाही म्हणून मान हलवली. एकेक आवाज बंद होत गेला. योनाकाका खुर्चीवरून उठून उभे राहिले, बनियन आणि निळ्या लुंगीत, आणि कोणी हसलं नाही. एस्तेरमावशींना काही कळलं नव्हतं, त्या हात जोडून सगळ्यांना नाताळाच्या शुभेच्छा देत होत्या.

विनू मिळेल त्या विमानानं आला. नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पप्पांना मम्मीच्या शेजारी ठेवलं. कबरस्थानात पाळकसाहेबांची प्रार्थना झाल्यावर योनाकाका पुढं आले आणि मुठीतली माती टाकताना मोठ्यानं म्हणाले, "गाढवा." सांत्वनाला आलेल्या नव्या लोकांना ते बरं दिसलं नाही. आम्हा कंपाउंडवाल्यांना फार बरं वाटलं.

विनू माझ्याशी कामापुरतं बोलत होता. राग होता त्याला, आणि असणारच. "तुला माहीत होतं, ताई. रोज मी विचारत होतो आणि तू 'आहेत' म्हणत होतीस." मी सांगितलं की त्यांनी शब्द घेतला होता. "आणि मी कोण होतो? कॅरल पार्टी?"  दोन दिवस त्यानं माझ्या हातचं जेवण घेतलं, पण वाढलेलं गोड तसंच ताटात ठेवलं.

मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. "गाणं ऐकत गेले. माझ्याकडून स्वतःहून मागून घेतलं, अजून एक. तेवढं मिळालं त्यांना." सांगताना त्याचा आवाज सावरलेला असायचा. मी चहाचे कप गोळा करत ऐकायचे. त्या एका गोष्टीवर तो उभा होता, हे मला दिसत होतं.

तो परत जायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात त्याच्या मुलीसाठी शंकरपाळे बांधत होते. विनू दारात येऊन उभा राहिला.

"योनाकाकांनी आठवण करून दिली, शेवटच्या दोन्ही वेळा आवाज तुझा होता."

"हो. त्यांना बोलता येत नव्हतं."

"पण सांगितलं त्यांनीच ना?"

"मेंढपाळांच्या गाण्याआधी त्यांनीच सांगितलं. बोट वर करून."

"आणि त्याच्यानंतरचं?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? तपासायला कोणी येणार नव्हतं. विनू मस्कतला सुखानं गेला असता आणि आयुष्यभर तीच गोष्ट सांगत राहिला असता. पण तो बापासारखाच कान देऊन उभा होता. पप्पांना बसचं इंजिन कळायचं तसं त्याला माझ्या आवाजातलं कळलं असतं.

"नाही, विनू," मी म्हटलं. "ते तुझ्या गाण्यातच गेले. तू त्यांच्यासाठी जागा सोडलीस ना, तेव्हा."

तो ओट्याला टेकला. 

"मग ते शेवटचं आम्ही कोणासाठी म्हटलं?"

माझ्याकडे एक चांगलं उत्तर तयार होतं. तुझ्यासाठी. तू आणखी एका गाण्यापुरता बाप असलेला राहावास म्हणून. इतके दिवस मी स्वतःला तेच सांगत होते, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण तोंडातून ते निघालं नाही.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "दिवा लावला की तुम्ही सगळे गप्प होणार होता रे. आणि इथं मी एकटीच होते त्यांच्याजवळ."

  विनूनं माझ्या हातातली पिशवी काढून बाजूला ठेवली आणि लहानपणी विचारायचा तसं हळू विचारलं.

"खूप अंधार होता का गं, ताई?"

"हो," मी म्हटलं. "खूप." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला रडू आलं.